काळी, पांढरी आणि पत्रा

चाकणच्या कारखान्यातली नाईट संपवून आलेला कामगार सकाळी आठला भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत आडवा होतो आणि अकराला घामाघूम होऊन उठतो. त्याच गावठाणात एखादं जुनं शेतकरी घर तग धरून असतं. दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, कोनाडे, धान्याचं बळद. त्याचं माजघर भर दुपारीही गार लागतं.

उन्हाची उष्णता भिंतीत लाटेसारखी शिरते. पत्रा काही मिनिटांत तापतो. चार-पाच इंची स्लॅबमधून ती लाट तीन-चार तासांत आत पोचते. दीड फूट मातीत मात्र ती बारा-चौदा तास रेंगाळते आणि वाटेतच बरीचशी विझते. एप्रिलमध्ये पुणे परिसरात पारा दुपारी 38 अंशांच्या घरात आणि पहाटे 20-21 वर असतो. माजघर या दोहोंच्या मध्ये स्थिरावतं. म्हणूनच रात्री तिथं बाहेरपेक्षा उकडतं, आणि उन्हाळ्यात सगळं घर अंथरुणं घेऊन अंगणात नाहीतर धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर जायचं.

छप्पर कसं असावं, हे पावसानं ठरवलं. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुण्यात सातशेच्या आसपास. म्हणून मावळात उतरती कौलं, पूर्वेला शिरूरकडे सपाट धाबं. तुळया, त्यांवर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पिकवायची ती काळी, राहायची ती पांढरी, अशी गावाची विभागणीच होती. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हात भेगाळते. छपरावर तिचा उपयोग नाही. पिढ्यान् पिढ्यांच्या पडक्या भिंतींतून साठलेली पांढरी तेवढी फुगत नाही. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात केलेल्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची मातीची घरं सापडली, ती अशाच पांढरीच्या टेकाडात.

हवामानाप्रमाणे घर घडणं थंड मुलखातही दिसतं. स्वित्झर्लंडमधल्या बालेनबर्गच्या खुल्या संग्रहालयात जुनी शेतकरी घरं जपली आहेत. तिथं गुरं, माणसं आणि माळ्यावरचं गवत एकाच छपराखाली असायचं. थंडीत गुरांची ऊब आणि गवताची दुलई, दोन्ही कामी यायचं.

मातीच्या घराला दरसाल लिंपण लागतं, पावसाळ्याआधी धाब्यावर नवी माती टाकावी लागते. तेवढा वेळ आता कुणाकडे नाही. म्हणून अशी घरं पाडून भाड्याच्या खोल्या निघतात. दिवसा झोपणाऱ्याला साजेशी खोली गावात होती. ती पाडूनच त्याच्यासाठी खोल्या बांधल्या गेल्या.