माझ्या पायाचं भूत!

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एका मोठ्या दुकानात आम्ही दूध आणि डायपर्स घ्यायला शिरलो आणि दारातच एक सहा फुटी सांगाडा लाल डोळे मिचकावत खदाखदा हसला. सेन्सर होता त्यात. मला कळलं, ताईला कळलं, पण तिच्या अडीच वर्षांच्या लेकाला कसं कळणार? तो जो तिच्या गळ्याला चिकटला, तो गाडीत बसेपर्यंत सुटलाच नाही. दूध राहिलं, डायपर्स राहिले.

तर मंडळी, ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत गेलात की स्वागत हे असं होतं! ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनसाठी महिनाभर आधीपासून दुकानं, अंगणं, ऑफिसं, जिकडे तिकडे भुतंच भुतं. सुगी संपून थंडी सुरू होताना मेलेल्यांचे आत्मे परत येतात, ही आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या सेल्टिक लोकांची समजूत. (आपला पितृपक्ष आठवला ना?) आयरिश लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. १९व्या शतकात ते मोठ्या संख्येने अमेरिकेत आले आणि तिथे हाताशी आला भोपळा. सलगमपेक्षा मोठा आणि कोरायला सोपा. झालं!

त्यात घरी येऊन बघतो तर डे-केअरची चिठ्ठी. ‘मुलासोबत घरी बनवलेली हॅलोविनची एक वस्तू पाठवा.’ ताईने लॅपटॉपवरून मान वर न करता विचारलं, “कधी करू गं मी हे? आणि हा तर भूत बघितलं तरी रडतोय.”

“मी करते ना!” मी फुशारकीने म्हणाले. खरं सांगू? माझीही एक अडचण होती. भाच्यासाठी मी म्हणजे रविवारी फोनच्या स्क्रीनवर दिसणारी बाई. ती बाई सुटकेससकट घरात आल्यावर तो दोन दिवस सोफ्यामागेच होता.

पहिल्या दिवशी मी साफ आपटले. रात्री जागून सुबक वटवाघूळ कापलं, सकाळी त्याच्यापुढे ठेवलं. त्याने एक पंख फाडला आणि भोकाड पसरलं. बरोबरच होतं म्हणा. त्यात त्याचं काय होतं? सगळं माझंच. अडीच वर्षांच्या मुलाला सुबक वस्तू नकोच असते. त्याला फाडायचं असतं, चिकटवायचं असतं, बरबटायचं असतं. तेही फार तर दहा मिनिटं. मग ठरवलं, रोज दहा मिनिटं, एकच वस्तू आणि कात्री माझ्या हातात.

पायाचं भूत
काळा कार्डपेपर आणि धुतला जाणारा पांढरा रंग. तो पाय पुढे करेना, म्हणून आधी माझ्याच तळव्याला रंग लावला आणि कागदावर उमटवला. मग कागद उलटा फिरवला. टाच वर, बोटं खाली. टाच झाली डोकं, बोटं झाली भुताच्या झग्याची झालर. रंग सुकल्यावर टाचेवर मार्करने दोन डोळे, एक तोंड. तो सोफ्यामागून बाहेर आला. माझ्या पायाकडे बघितलं, भुताकडे बघितलं आणि स्वतःचा मोजा ओढायला लागला. पाच मिनिटांत मोठ्या भुताशेजारी एक छोटं भूत उभं होतं! “माझा पाय!” तो ओरडला. दिवसभर येईल त्याला तो कागद दाखवत होता.

फाडाफाडीची ममी
पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या फाडायचं काम त्याचं. बाहुलीच्या आकाराच्या पुठ्ठ्यावर ग्लू स्टिक फिरवून द्यायची आणि पट्ट्या हव्या तशा वाकड्यातिकड्या चिकटवू द्यायच्या. मधल्या फटीतून दोन डोळे काढा, ममी तयार. “ही ममी,” मी सांगितलं. त्याने मान हलवली आणि लॅपटॉपपुढे बसलेल्या आईकडे बोट दाखवलं. ताई हसून हसून मीटिंगमध्ये म्यूट झाली.

बटाट्याचे भोपळे, भेंडीच्या चांदण्या
शाळेतला चित्रकलेचा तास आठवतोय? तेच ठसे! ओक ट्री रोडवरच्या इंडियन ग्रोसरीतून भेंडी आणली. आडवी कापली की चांदणी मिळते, अर्धा बटाटा नारिंगी रंगात बुडवला की भोपळा. वर हिरव्या मार्करने देठ. काळ्या कागदावर सगळं आकाश भरून निघतं.

नळीचं वटवाघूळ
टॉयलेट रोलची रिकामी नळी घ्या. वरची कड पुढून आणि मागून आत दाबा, दोन टोकदार कान आपोआप उभे राहतात. मुलाने काळा रंग फासायचा, तुम्ही मागे कागदी पंख चिकटवायचे. (हो, यावेळी पंख शाबूत राहिले.)

न कापलेला भोपळा
लहान मूल घरात असताना सुरी कशाला? अख्खा भोपळा द्या आणि मोठ्या स्टिकर्सचं एक पान. डोळे तीन झाले तरी चालतील. आम्ही स्टिकर लावत असताना मी त्याला भोपळ्यात बसून लेकीकडून परत निघालेल्या म्हातारीची गोष्ट सांगितली. तेव्हापासून शेजाऱ्यांचा भोपळा दिसला की तो वाकून विचारतो, “आत आजी आहे?”

आता जरा सिरियसली. चिकटवायचे हलणारे प्लॅस्टिकचे डोळे दिसायला गोड, पण नकोच. टॉयलेट रोलच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते, हा घरच्या घरी करायचा सोपा चेक. भोपळ्यात ठेवायच्या छोट्या एलईडी दिव्यांमध्ये बऱ्याचदा बटन सेल असतो. तो गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका गंभीर भाजू शकते. त्यामुळे स्क्रूने बंद होणारं झाकण असलेलेच दिवे घ्या, तेही मुलाच्या हाताबाहेर ठेवा आणि गिळल्याची शंका जरी आली तरी थेट हॉस्पिटल गाठा. रंगाच्या बाटलीवर ‘नॉन-टॉक्सिक’ आणि ‘वॉशेबल’ दोन्ही बघा. आपल्याकडेही काही प्ले-स्कूल्समध्ये हॅलोविन होतं, तेव्हा हे इथेही लागू!

३१ तारखेला डे-केअरमध्ये पायाचं भूत गेलं. बाईंनी भिंतीवर लावलं. भाच्याने मुखवटा घालायला मात्र ठाम नकार दिला. नारिंगी टी-शर्टवर भागवलं. त्याची भीती पळाली वगैरे काही झालं नाही हं. दुकानातल्या त्या सांगाड्यापुढून आम्ही अजूनही वळसा घेऊनच जात होतो.

पण संध्याकाळी शेजारच्या घरी चॉकलेट घ्यायला गेलो, तर दारावर पांढऱ्या चादरीचं लांबलचक भूत वाऱ्यावर हलत होतं. ताईने पटकन त्याला उचलायला हात पुढे केले. तो मागे सरकला, माझं बोट घट्ट धरलं आणि बराच वेळ वर बघत राहिला.

“मावशी,” त्याने हळूच विचारलं, “हा कुणाचा पाय?”