सीस्कोप : परक्या कोडची विचारपूस

प्रोग्रॅमर म्हणजे दिवसभर कोड लिहिणारा माणूस, असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात त्याचा बराचसा वेळ दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचण्यात जातो. लिहिणारा केव्हाच नोकरी बदलून गेलेला असतो, सोबतची कागदपत्रं कोडच्या मागे पडलेली असतात, आणि हाती असतं ते एखाद्या फंक्शनचं नाव. हे फंक्शन मुळात आहे कुठे? त्याला कॉल कोण करतं? यातलं हे व्हेरिएबल बदललं तर आणखी कुठे कुठे हात लावावा लागेल? सी भाषेतल्या कोडला हे प्रश्न टर्मिनलवर बसल्या बसल्या विचारता यावेत म्हणून अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये एक साधन तयार झालं. त्याचं नाव सीस्कोप. चाळीसएक वर्षं उलटली तरी ते कामात आहे, आणि मोठा सी कोड वाचायला बसणाऱ्याने आधी तेच शिकावं असं माझं ठाम मत आहे.

सीस्कोप लिहिलं जो स्टेफन यांनी, पीडीपी-११ संगणकांच्या जमान्यात. या संगणकाचे मेमरीतले पत्ते १६ बिटांचे, आणि १६ बिटांत ६४ किलोबाइटच बसतात. एवढ्या जागेत मोठ्या प्रकल्पाचा सगळा कोड घेऊन बसणं शक्यच नव्हतं. शोधायला ग्रेप ही मजकूर शोधणारी कमांड होतीच, पण ग्रेपला फक्त अक्षरं कळतात. आर-ई-ए-डी ही चार अक्षरं शोधायला सांगा, की ‘थ्रेड’ येतं, ‘रेडी’ येतं, कॉमेंटमधलं इंग्रजी वाक्य येतं आणि स्क्रीनवर छापायच्या संदेशातला शब्दही येतो. वाचणाऱ्याला हवं असतं ते नाव म्हणून वापरलेलं ‘रीड’, म्हणजे आयडेंटिफायर. स्टेफन यांनी कोड एकदाच चाळून त्यातल्या नावांची नोंदवही डिस्कवर तयार करायची आणि पुढचे सगळे प्रश्न त्या वहीला विचारायचे, असा मार्ग काढला. १९८५च्या जानेवारीत यूसेनिक्स या युनिक्सवाल्यांच्या संघटनेच्या हिवाळी परिषदेत त्यांनी या कामावर निबंध सादर केला. पुढे अनेक वर्षं सीस्कोप एटीअँडटीच्या अधिकृत युनिक्ससोबत मिळत राहिलं.

आज कोणी ते पहिल्यांदा उघडलं तर फार काही दिसत नाही. काळी स्क्रीन, वरचा भाग रिकामा, आणि तळाला एकाखाली एक नऊ-दहा ओळी. हे चिन्ह कुठे कुठे आलंय ते शोधा. याची व्याख्या शोधा. या फंक्शनने कॉल केलेली फंक्शन्स शोधा. या फंक्शनला कॉल करणारी फंक्शन्स शोधा. मग साधा मजकूर शोधायची ओळ, मजकूर बदलायची ओळ, पॅटर्नने शोधायची, फाइल शोधायची, एखादी हेडर फाइल कोणाकोणात घेतली आहे ते शोधायची. नंतरच्या आवृत्त्यांत, या व्हेरिएबलला किंमत कुठे दिली जाते, हाही प्रश्न आला. बाणाच्या कीने हव्या त्या ओळीवर जायचं, नाव टाइप करायचं, एंटर दाबायचं. वरच्या भागात यादी उमटते, त्यात फाइलचं नाव, फंक्शनचं नाव, ओळीचा नंबर आणि खुद्द ती ओळ. यादीतल्या प्रत्येक नोंदीला एक आकडा किंवा अक्षर असतं. तो दाबला की तुमच्या एडिटरमध्ये नेमकी ती ओळ उघडते, आणि एडिटरमधून बाहेर पडलात की यादी होती तशी समोर असते. कंट्रोल-डी दाबलं की काम संपलं.

मला या तळाच्या ओळींचं फार कौतुक वाटतं. अनोळखी कोडमध्ये शिरलेला माणूस कुठल्या क्रमाने चाचपडतो, याचा विचार करून त्या ठरवल्या आहेत. परक्या कोडबद्दलचे बहुतेक प्रश्न फिरून फिरून याच ओळींत येऊन बसतात.

लिनक्स कर्नलचंच उदाहरण घेऊ. त्यात आज तीन कोटींहून अधिक ओळी आहेत, आणि कर्नलच्या मेकफाइलमध्येच ‘मेक सीस्कोप’ अशी सोय आहे. एवढी कमांड दिली की नोंदवही तयार होते. समजा, फाइल वाचली जाते तेव्हा आत काय घडतं हे पाहायचं आहे. ‘व्हीएफएस_रीड’ची व्याख्या विचारली तर ‘एफएस’ फोल्डरमधली ‘रीड_राइट.सी’ ही फाइल समोर येते. याला कॉल कोण करतं, असं विचारलं तर यादीत ‘केसिस_रीड’ दिसतं. म्हणजे वरच्या बाजूने वाट सापडली. आता खालच्या बाजूला, एक्स्ट-४ फाइलसिस्टिममध्ये उतरायचं. तिथे ‘एक्स्ट४_फाइल_रीड_इटर’ नावाचं फंक्शन आहे. याला कॉल करणारं कोण, हे विचारलं तर सीस्कोप हात हलवत परत येतं. नवखा इथे गोंधळतो, कारण वाचनाचं खरं काम तर हेच फंक्शन करतं.

यात चूक सीस्कोपची नाही. कर्नल या फंक्शनला नावाने हाक मारतच नाही. प्रत्येक फाइलसिस्टिम आपल्या फंक्शनांचे पत्ते एका तक्त्यात भरून ठेवते आणि कर्नल त्या पत्त्यावरून कॉल करतो. अशा वेळी सरावलेला माणूस प्रश्न बदलतो. कॉल कोण करतं हे सोडून तो पहिल्या ओळीवर जातो आणि हे नाव कुठे कुठे आलंय ते विचारतो. लगेच ‘एक्स्ट४_फाइल_ऑपरेशन्स’ हा तक्ता दिसतो, त्यात ‘रीड_इटर’समोर हे नाव लिहिलेलं असतं, आणि तुटलेला धागा जुळतो. एका उत्तरातून पुढचा प्रश्न सुचतो आणि तो विचारायला एक-दोन कीच दाबाव्या लागतात. साधन असं बोलतं असण्याचा खरा फायदा हाच.

मॅक्रोंनीही सीस्कोप फसतं. ‘सिस_रीड’ची व्याख्या विचारा, ती हाती लागत नाही, कारण कर्नलमध्ये ती ‘सिसकॉल_डिफाइन३’ या मॅक्रोतून घडवली जाते आणि ते पूर्ण नाव त्या जागी लिहिलेलंच नसतं. सीस्कोप म्हणजे कंपायलर नव्हे. ते कोडवरून वरवर नजर फिरवतं, नावापुढे कंस दिसला की फंक्शन ओळखतं, आणि एकाच नावाची दोन फंक्शन्स असली तर दोन्ही पुढ्यात टाकतं.

पण हा वरवरपणाच अनेकदा कामाला येतो. सीस्कोपला कोड कंपाइल होण्याची गरज नाही. अर्धवट कोड असो, दुसऱ्या प्रोसेसरसाठीचा असो, बिल्ड करण्याची साधनं हरवलेला वीस वर्षांपूर्वीचा असो, त्याची नोंदवही बनते. ‘इफडेफ’च्या दोन्ही बाजूंचा कोड त्याला दिसतो. कंपायलरच्या डोळ्यांनी पाहणाऱ्या साधनाला मात्र चालू कॉन्फिगरेशनमधली बाजूच दिसते. पुण्यात वाहनांच्या कंट्रोलरवर किंवा स्टोरेजच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना याचं मोल सांगायला नको. ग्राहकाकडून कोड आधी येतो, बिल्डची व्यवस्था मागाहून.

नोंदवहीबद्दल थोडं. ‘सीस्कोप.आउट’ नावाच्या फाइलमध्ये नावं आणि त्यांच्या आसपासचा कोड दाबून भरलेला असतो. नेहमी येणाऱ्या अक्षरजोड्यांना एकेकच बाइट दिलेला असतो. डिस्क महाग होती तेव्हाची ही काटकसर. प्रकल्प मोठा असेल तर जास्तीची उलटी सूची बनवून घेता येते, मग शोध चुटकीसरशी होतो. नावाची पहिली आठच अक्षरं जुळवायची, असाही एक पर्याय अजून शिल्लक आहे. कारण जुने सी कंपायलर तेवढीच अक्षरं मानत. आज तो कोणी वापरत नसेल, पण तो काढून टाकला नाही हे मला आवडतं.

एप्रिल २०००मध्ये सांताक्रूझ ऑपरेशन या कंपनीने सीस्कोपचा कोड बीएसडी परवान्याखाली सर्वांसाठी खुला केला. व्हिम या एडिटरमध्ये त्याची सोय आहे, ईमॅक्ससाठीही जोडणी आहे. २०१६मध्ये मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल पुढे आणला आणि एडिटरला कोड खऱ्या अर्थाने समजू लागला. टाइप, मॅक्रो, एकाच नावाची वेगवेगळी फंक्शन्स हे सगळं तिथे अचूक कळतं. निओव्हिमने २०२३मध्ये ०.९ आवृत्तीत सीस्कोपचा आधार काढून टाकला. ज्याचा प्रकल्प रोज बिल्ड होतो त्याने लँग्वेज सर्व्हर जरूर वापरावा, त्यात वाद नाही. पण सर्व्हरवर एसएसएचने शिरून, तिथे पडलेल्या अनोळखी सी कोडमधला दोष शोधायचा असेल, तर माझं पहिलं बोट आजही सीस्कोपकडेच जाईल.

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात सी शिकलेल्या मुलामुलींना एक सांगणं आहे. एमआयटीची एक्सव्ही६ ही शिकवण्यासाठी लिहिलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम उतरवून घ्या. उबुंटूवर सीस्कोप नेहमीच्या एप्ट कमांडने मिळतं. एक्सव्ही६च्या फोल्डरमध्ये जाऊन डॅश आणि कॅपिटल आर देऊन ते सुरू करा, आणि ‘स्लीप’ला कॉल कोण करतं एवढंच विचारा. पाइप, डिस्क, मुलाची वाट पाहणारी प्रोसेस, सगळी एका यादीत दिसतील. त्यातली एकेक नोंद उघडून वाचा, आणि ती वाट कशाची पाहते आहे हे स्वतःच्या शब्दांत वहीत लिहून काढा.