विष तयार होतं ते घास घेतल्यावर

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात सप्टेंबर-ऑक्टोबरला पेरलेली ज्वारी पुढे जमिनीतल्या ओलीवरच वाढते. हुरडा देते, भाकरी देते, कडबा देते. मोहोळला स्थानिक वाणातून निवडलेली मालदांडी ३५-१ आजही सोलापूरकरांच्या जिभेवर आहे. पण हेच पीक गुडघ्याएवढं असताना भुकेल्या गाईनं त्यात तोंड घातलं, तर ती थरथरते, धापा टाकते आणि बघता बघता आडवी होते. गावात म्हणतात, किराळ लागली.

गाय मरते ती सायनाइडनं. आणि नवल हे, की गाईनं तोंड लावण्याआधी त्या पानात मोकळं सायनाइड जवळजवळ नसतंच!

पानात असतं ते धुरिन. डन्स्टन आणि हेन्री या शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये ते ज्वारीतून वेगळं केलं. सायनाइडचा अंश साखरेच्या रेणूला बांधून ठेवलेला, त्यामुळे निरुपद्रवी. हे धुरिन पानाच्या वरच्या सालीतल्या पेशींत साठवलेलं असतं. त्याला फोडणारं विकर, धुरिनेज, मात्र आतल्या हिरव्या पेशींत, हरितलवकांत बसलेलं. दोघांमध्ये पेशींच्या भिंती. पान शाबूत आहे तोवर गाठ पडत नाही. कात-चुन्याचं पान चावल्याशिवाय तोंड रंगत नाही, तसंच हे. दातांखाली पेशी फुटल्या की धुरिनेज साखर तोडतं, उरलेला रेणू दुसरं एक विकर फोडतं आणि सायनाइड मोकळं होतं. मग रक्तात प्राणवायू भरपूर असूनही पेशींना तो वापरता येत नाही. किराळीनं मेलेल्या जनावराचं रक्त लालभडक दिसतं ते म्हणूनच.

धुरिनेजचा नेमकेपणा तर थक्क करणारा आहे. त्याची एक जात, धुरिनेज-१, धुरिनशिवाय कशालाही हात लावत नाही. मक्यातलं त्याचं भावंड रचनेत सुमारे ७० टक्के सारखं. ते इतर अनेक रेणू फोडतं, पण धुरिन फोडू शकत नाही. एवढं साम्य असून कामं अशी वेगळी, कारण सगळा फरक मोजक्या अमिनो आम्लांत आहे.

धुरिन बनतं टायरोसिन या साध्या अमिनो आम्लापासून, तीन विकरांच्या हातून. त्यांची तिन्ही जनुकं ज्वारीच्या एकाच गुणसूत्रावर जवळजवळ नांदतात. कोपनहेगनच्या संशोधकांनी ती मोहरीच्या कुळातल्या एका रोपट्यात घातली आणि २००१ मध्ये निष्कर्ष जाहीर केले: ज्या रोपट्यानं कधी धुरिन पाहिलं नव्हतं, ते धुरिन बनवू लागलं आणि त्याची पानं कुरतडणारे भुंगेरे त्याच्यापासून दूर राहू लागले. उलट प्रयोगही झाला. या साखळीतल्या पहिल्या जनुकात, सीवायपी७९ए१ मध्ये, एकच बदल झालेली ज्वारी २०१२ मध्ये पुढे आली. त्या विकराच्या ४१४व्या जागी प्रोलिनऐवजी ल्युसिन आलं, एवढंच. तिच्या पानांत सायनाइड बनतच नाही. चाऱ्याच्या ज्वारीसाठी मला यापेक्षा आशादायक शोध दिसत नाही.

पक्व दाण्यात धुरिन नसतं, म्हणून भाकरी निर्धास्त खावी. ते सर्वांत जास्त असतं कोवळ्या पोंग्यात, कापणीनंतर फुटलेल्या फुटव्यात आणि पाण्याचा ताण पडलेल्या पिकात. रोपाच्या दृष्टीनं यात शहाणपण आहे: अंग लहान, पाऊस नाही, कुरतडलेलं पान पुन्हा फुटायची शाश्वती नाही, तेव्हाच बंदोबस्त कडक. पण सोलापूरच्या पशुपालकाची अडचण इथेच आहे, कारण पाऊस ओढ देतो तेव्हाच वैरण संपते आणि रानात उभं असलेलं करपलेलं पीक डोळ्यांना दिसतं.

अशा वेळी उपाशी जनावर कोवळ्या ज्वारीत सोडू नका. पीक फुलोऱ्यात येऊ द्या, तोवर वाळला कडबा घाला. आणि किराळ लागलीच, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यकाला बोलवा. सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन वेळेवर मिळालं तर जनावर वाचतं.