व्हिडिओ दाखवला, पण तपासणीला कोण गेलं?

प्रपोजलच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य हमखास सापडतं: “या समाजात जागरूकतेचा अभाव आहे.” आरोग्यावरचं संशोधन असेल तर नक्कीच. वाक्य निरुपद्रवी वाटतं, पण त्यातून अख्ख्या अभ्यासाची दिशा ठरते. अभाव माहितीचा असेल, तर उपाय म्हणजे माहितीपत्रक, पोस्टर, व्हिडिओ. आज आपण अमेरिकेतल्या दोन ट्रायल शेजारी शेजारी ठेवून हे वाक्य तपासून बघू. विषय आहे ग्रामीण भागातल्या स्थलांतरित लॅटिना स्त्रिया आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग.

आधी आजाराबद्दल थोडक्यात. हा कर्करोग जवळपास नेहमीच एचपीव्ही विषाणूच्या, वर्षानुवर्षं टिकून राहिलेल्या संसर्गातून होतो. संसर्गापासून कर्करोगापर्यंत पोचायला साधारण 10 ते 20 वर्षं लागतात. म्हणजे त्याला मधेच गाठायला भरपूर वेळ असतो. 2006 पासून अमेरिकेत लस उपलब्ध आहे, आणि पॅप तपासणी तर त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. तरीही तिथल्या लॅटिना स्त्रियांमध्ये या कर्करोगाचं प्रमाण बिगर-लॅटिना गोऱ्या स्त्रियांपेक्षा साधारण एक तृतीयांशाने जास्त आहे. टाळता येणारा आजार ठरावीक स्त्रियांनाच जास्त का गाठतो, हा खरा प्रश्न.

आता जागा डोळ्यांसमोर आणा. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्वेला याकिमा खोरं आहे. सफरचंद, चेरी आणि बिअरला लागणारं हॉप्स यांचा हा मुलूख. बागांमध्ये आणि पॅकिंगच्या शेडमध्ये राबणाऱ्यांत मेक्सिकोतून आलेली कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. दवाखान्यात जायचं तर खाडा पडतो, म्हणजे मजुरी बुडते. गाडी एकच, ती नवरा घेऊन गेलेला. कागदपत्रं नसलेल्यांना मेडिकेड, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, नेहमीच्या उपचारांसाठी मिळत नाही. 1996 च्या कायद्यानंतर कायदेशीर स्थलांतरितांपैकीही अनेकांना पाच वर्षं थांबावं लागतं. उत्पन्नानुसार फी घेणारी सामुदायिक आरोग्य केंद्रं आहेत, पण तिथवर पोचायला हवं ना!

पहिली ट्रायल ‘अमिगास’. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ मैत्रिणी. थेरेसा बर्ड आणि सहकाऱ्यांनी ती 2013 मध्ये प्रसिद्ध केली. एल पासो, ह्यूस्टन आणि याकिमा खोरं इथल्या मेक्सिकन वंशाच्या, तपासणी रखडलेल्या 613 स्त्रिया तिच्यात होत्या. ‘प्रोमोतोरा’ म्हणजे त्याच समाजातली आरोग्य कार्यकर्ती येऊन बोलायची. आपल्याला आशाताई आठवतील. एका गटाला प्रोमोतोरासोबत व्हिडिओ आणि फ्लिपचार्ट दोन्ही, दुसऱ्या गटात व्हिडिओ वगळला, तिसऱ्यात फ्लिपचार्ट वगळला, चौथा गट कंट्रोल. पूर्ण कार्यक्रम मिळालेल्या गटात 52 टक्के स्त्रियांनी पॅप तपासणी झाल्याचं सांगितलं, कंट्रोलमध्ये 25 टक्के. प्रोमोतोरा असलेले तिन्ही गट कंट्रोलपेक्षा पुढे होते.

दुसरी ट्रायल बेटी थॉम्पसन आणि सहकाऱ्यांची, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेली. पूर्व वॉशिंग्टनमधल्या 443 लॅटिना स्त्रिया, याही तपासणी रखडलेल्या. इथे एका गटाला घरी नुसता व्हिडिओ दिला. दुसऱ्या गटाच्या घरी प्रोमोतोरा गेली, व्हिडिओ दाखवला आणि बसून बोलली. तिसरा कंट्रोल. तपासणी झालेल्या स्त्रिया अनुक्रमे 38.7, 53.4 आणि 34.0 टक्के. नुसता व्हिडिओ आणि काहीच नाही, यांतला फरक इतका कमी आहे की तो योगायोगही असू शकतो.

आता दोन्ही एकत्र वाचा. पहिल्या ट्रायलमध्ये व्हिडिओ काढला, फ्लिपचार्ट काढला, तरी परिणाम टिकला. दुसरीत माणूस काढला, तर परिणाम जवळपास गेला. “माहिती कमी पडते” हे गृहीतक इथे लंगडं पडतं. माहिती तर व्हिडिओतही होती.

पण थांबा, लगेच निष्कर्षावर उडी नको. तीन गोष्टी तपासा.

एक, मोजमाप. अमिगासमध्ये स्त्रियांनी स्वतः सांगितलेलं धरलं होतं, थॉम्पसन यांनी दवाखान्याच्या नोंदी तपासल्या. त्यामुळे 52 आणि 53.4 हे आकडे जवळचे दिसले तरी थेट तुलना करायची नाही.

दोन, कुणाला मोजलं? अमिगासचे वरचे आकडे सहभागी झालेल्या सगळ्या स्त्रियांना धरून आहेत. ठरल्याप्रमाणे कार्यक्रम पूर्ण झालेल्यांपुरतं पाहिलं तर ते 62 आणि 29 टक्के होतात. पेपर वाचताना कुठला आकडा गोंदवला आहे, ते बघायची सवय लावा.

तीन, माणसाने नेमकं काय केलं? विश्वास दिला, लाज घालवली, की भीतीवर उत्तर दिलं? ‘घरभेट’ हे एक गाठोडं आहे. ते न सोडता आपण एवढंच म्हणू शकतो की गाठोडं चाललं. आत काय होतं, ते शोधायला मुलाखती लागतात.

आणि सर्वांत चांगल्या गटातही जवळपास निम्म्या स्त्रियांची तपासणी झालीच नाही. तुमचा रिसर्च क्वेश्चन कदाचित तिथेच बसलेला असेल.

एक वाट नवी आहे. मे 2024 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने दवाखान्यात स्त्रीने स्वतःच घेतलेल्या नमुन्यावर एचपीव्ही चाचणी करायला मान्यता दिली, आणि 2025 मध्ये घरी नमुना घेण्याच्या साधनालाही. एचपीव्ही चाचणीने मृत्यू कमी होतात याचा एक भक्कम पुरावा आपल्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांमधून आला आहे: 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 1,31,746 स्त्रियांच्या ट्रायलमध्ये एकाच चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. नमुना घरी घेता आला तर लाज आणि खाडा, दोन्ही अडचणी हलक्या होतील. पण चाचणी पॉझिटिव्ह आली तर पुढची तपासणी आणि उपचार दवाखान्यातच. अंतर तेच, विम्याचा प्रश्नही तोच. तपासणीचा टक्का वाढला म्हणजे जीव वाचला असं नाही; मधे उपचाराची पायरी आहे, आणि बहुतेक ट्रायल तिच्या अलीकडे थांबतात.

म्हणून प्रपोजलमधलं ते वाक्य खोडा आणि त्याजागी लिहा: या स्त्रीने तपासणी करून घ्यायची ठरवली, तर घरापासून उपचारापर्यंत ती कुठे कुठे अडेल? उत्तरांची यादी करा. त्यातल्या ज्या अडचणीवर अजून कुणी नीट मोजून काम केलेलं नाही, तिथून तुमचं संशोधन सुरू करा.