मुंग्या, आग आणि दोन वायरी

घाटंजीजवळच्या आमच्या घरी रात्री अकरानंतर पंख्यासोबत आणखी एक आवाज असायचा. आबाजी फरशीवर पाय घासायचे. "पायाले आग लागली व बाई," म्हणायचे. हात लावून पाहिलं, तर तळवा गार!

याचं डॉक्टरी नाव डायबेटिक न्यूरोपॅथी. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की नसा आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बिघडतात. सगळ्यात लांब नसा पायांच्या, म्हणून मुंग्या आधी बोटांत येतात आणि मोजा चढवावा तशा वर सरकतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासात देशातल्या मधुमेहींचा अंदाज १०.१ कोटी होता. म्हणजे असे पाय घासणारं कुणीतरी तुमच्याही घरात असू शकतं.

दादाने रील पाहून ऑनलाइन 'टेन्स' मशीन मागवलं. मोबाइलएवढा डबा, बॅटरी, दोन वायरी आणि चिकट पॅड. त्यातून त्वचेखालच्या नसांना विजेचे सौम्य ठोके बसतात. यामागचा विचार १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडला. मज्जारज्जूत वेदनेसाठी जणू एक फाटक असतं. स्पर्शाचा निरोप नेणाऱ्या जाड नसा जाग्या केल्या की ते फाटक ओढलं जातं आणि वेदना मेंदूपर्यंत कमी पोचते. गुडघा आपटला की आपण चोळतो ना, तेच.

पण आम्ही चुकलो. दादाने पॅड थेट तळव्यांना चिकटवले. "काही समजून नाही राह्यलं रे, वाढव." दादाने वाढवलं. आणखी वाढवलं. सकाळी पाहतो तर कातडी लाल.

मग त्यांना यवतमाळला फिजिओथेरपिस्टकडे नेलं. त्यांनी आधी मशीनला हातच लावला नाही. आबाजींना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक ताठ धागा तळव्याला टेकवला. "लागलं की सांगा." धागा सहा ठिकाणी टेकला, आबाजी दोनदाच 'हो' म्हणाले. तेव्हा कळलं, जो पाय रात्री जळतो तोच बधिरही असतो. जिथं काही कळतच नाही, तिथं करंट जास्त झाला हे कोण सांगणार? मग पॅड वर, पोटरीवर लागले. करंट झिणझिण्या येतील इतकाच.

आता रोज संध्याकाळी अर्धा तास. दुखणं जात नाही, कमी होतं. काही रात्री आबाजी तीनपर्यंत झोपतात. आमच्या घरात ही मोठी गोष्ट आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरोलॉजीने २०१० मध्ये या दुखण्यावर टेन्स 'बहुधा उपयोगी' ठरवलं, तेही मोजक्याच अभ्यासांवरून. मशीन नस दुरुस्त करत नाही आणि साखरही उतरवत नाही, म्हणून गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. पेसमेकर असेल किंवा बाई गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशीन लावायचं नाही. जखमेवर तर नाहीच.

गेल्या कापूस वेचणीत आबाजी नेहमीसारखे अनवाणी शेतात गेले. रात्री मोबाइलच्या टॉर्चने तळवे पाहताना टाचेत बाभळीचा काटा दिसला, अर्धा आत गेलेला. कधी रुतला, त्यांना पत्ताच नव्हता. अशाच न दुखणाऱ्या जखमा चिघळतात आणि पाय कापायची वेळ येते.

म्हणून मशीन मागवायच्या आधी घरच्या मधुमेही माणसाच्या पायांची संवेदना तपासून घ्या. आणि रोज रात्री तळवे पाहा, बोटांच्या मधेसुद्धा. टॉर्चला पैसे लागत नाहीत.

"रोज रोज पायात काय पाहतं व?" आबाजी विचारतात.

"काटा," मी म्हणते.

आता ते चप्पल घालतात. शेतातसुद्धा.