टेबलावरची लढाई, एकास पस्तीस

दिवाळीतला मातीचा किल्ला आठवतोय? तोच खेळ आता प्लास्टिकच्या किटमधून, मोठ्यांसाठी! सोबतीला वरंध घाटाची वळणं आणि माणगावचा एक जवान.

‘डायोरामा’ म्हटलं की समोरचा विचारतो, हे काय नवीन? नवीन काहीच नाही, बॉस. तुम्ही तो लहानपणीच केलाय. सोसायटीच्या कोपऱ्यात दगडविटांचा ढीग, त्यावर भिजवलेलं गोणपाट, वरून चिखलाचे हात. उतारावर पेरलेले अळीव, पायथ्याशी विहीर, बुरुजापेक्षा उंच मावळे आणि गुहेत न मावणारा वाघ! जमीन, माणसं आणि एक प्रसंग एकत्र मांडला की झाला डायोरामा. फरक एवढाच, की त्या किल्ल्याला स्केल नावाचं बंधन नव्हतं.

मोठेपणी तोच छंद चकाचक बॉक्समधून परत येतो. झाकणावर धुरळा उडवत निघालेला रणगाडा, आत प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले शे-दोनशे सुटे भाग. या चौकटीला म्हणतात स्प्रू. एकेक भाग कापायचा, घासायचा, जोडायचा, रंगवायचा. दिवसभर एक्सेलच्या रकान्यांत अडकलेल्या बोटांना हे काम फार आवडतं. मोबाइल आपोआप बाजूला पडतो, कारण दोन्ही हात गमने भरलेले असतात!

पस्तीस कुठून आलं?

स्केलचा फंडा सिंपल आहे. १:३५ म्हणजे खऱ्या वस्तूचा पस्तिसावा भाग. साडेपाच फुटी माणूस साधारण पावणेपाच सेंटीमीटरचा होतो. १:७२मध्ये तोच जेमतेम सव्वादोन सेंटीमीटर. विमानांसाठी १:७२ आणि १:४८, तर रणगाडे आणि सैनिकांसाठी १:३५ जास्त चालतं.

हा पस्तीसचा आकडा कोणा सेनापतीने ठरवलेला नाही. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. आत मोटर आणि बॅटरी बसली पाहिजे, म्हणून रणगाड्याचा आकार तेवढा ठेवला. मग मोजलं, तर ते साधारण एकास पस्तीस भरलं. पुढे हेच स्केल जगभरच्या कंपन्यांनी उचललं. बॅटरीच्या मापाने अख्ख्या छंदाचं माप ठरवलं!

१९७०च्या दशकात शेप पेन या अमेरिकन मॉडेलकाराने मोनोग्राम कंपनीच्या किटसाठी डायोरामे केले. ते कसे केले, हे सांगणारी पत्रकं किटसोबत मिळायची. त्याचं सांगणं थोडक्यात असं, की डायोरामाने गोष्ट सांगितली पाहिजे. नुसता रणगाडा शोकेसमध्ये ठेवला तर ते मॉडेल. त्याच्या सावलीत बसून एक शिपाई पत्र वाचतोय, तर तो डायोरामा.

घाट टेबलावर मावत नाही

आता हिशोब करू. रायगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ८२० मीटर. १:३५मध्ये ती होते २३ मीटरच्या वर, म्हणजे सात-आठ मजली इमारत. सोसायटीचा सेक्रेटरी परवानगी देणार नाही. म्हणून मॉडेलवाले डोंगर करतच नाहीत. ते डोंगराचा एक कोपरा उचलतात.

हा कोपरा कसा निवडायचा, हे शिकायला वरंध घाट बेस्ट. पुण्याहून भोर, नीरा-देवघर धरणाचं पाणी, मग महाडकडे उतरणारी वळणं. वाघजाईच्या देवळाजवळ चहा आणि भजी घेत समोर बघा. घाटावर पहारा ठेवणारा कावळ्या किल्ला इथेच आहे, आणि आजच्या रस्त्याने त्याचे दोन तुकडे केलेत. खाली शिवथरघळीचं खोरं. हे सगळं टेबलावर येणार नाही. पण रस्त्याचं ३५ मीटरचं एक वळण १:३५मध्ये बरोबर एक मीटर होतं. एका बाजूला काळा कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, मधे अरुंद वाट. खिंड मूठभर माणसं का अडवू शकतात, हे या एक मीटरमध्ये कळतं. पावसाळ्यात हा घाट दरडींमुळे अनेकदा बंद ठेवतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा.

जमिनीचं सामान किटमध्ये नसतं, स्वयंपाकघरात असतं. थर्माकोल कापून उंचसखल भाग करा, वर प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर द्या. वाळवलेला चहाचा चोथा म्हणजे फर्स्टक्लास माती. नारळाच्या शेंडीचे बारीक तुकडे उभे चिकटवले की वाळकं गवत. झुडपाची वाळकी मुळं उलटी लावली की पानगळीतलं झाड. खरी माती वापरणार असाल, तर चाळून आणि ओव्हनमध्ये तापवून घ्या, नाहीतर महिन्याभराने रणांगणावर बुरशी चाल करून येईल. फक्त गडावरून दगडमाती उचलू नका. घराजवळची चालते!

बॉक्सवर नसलेला माणूस

दुकानात गेलात तर टायगर, पँथर, शर्मन यांच्या रांगा दिसतील. जर्मन आहेत, अमेरिकन आहेत, ब्रिटिश आहेत. आपला माणूस सहसा दिसत नाही. पण तो त्याच लढायांमध्ये होता. महाड तालुक्यातलं एक आंबवडे तर ‘फौजी आंबवडे’ म्हणूनच ओळखलं जातं, कारण तिथे घरोघरी फौजी. आणि महाडहून मुंबईच्या दिशेने निघालात की माणगाव लागतं. त्या तालुक्यातलं पळसगाव हे नाईक यशवंत घाडगे यांचं गाव.

पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते एका सेक्शनचे प्रमुख होते. १० जुलै १९४४, इटलीतलं वरचं टायबर खोरं. जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि सेक्शनमधले सगळे ठार किंवा जखमी झाले. उरले एकटे घाडगे. ते थेट मशीनगनवर धावले. ग्रेनेड टाकून गन आणि ती चालवणारा संपवला, एकाला गोळी घातली. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग शत्रूच्या स्नायपरच्या गोळ्यांनी ते पडले. वय वर्षं बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

हा प्रसंग १:३५मध्ये करायचा तर काय लागेल? ब्रिटिश पायदळाच्या फिगर्सचा एक सेट आणि जर्मन मशीनगनचा एक सेट. इन्स्ट्रक्शन शीट इथेच साथ सोडते. चेहऱ्यासाठी ती ‘फ्लेश’ नावाचा रंग सांगते, आणि तो असतो गुलाबी! पळसगावच्या मुलासाठी त्यात तपकिरी मिसळावा लागतो, थोडा थोडा, जमेपर्यंत. रायफल काढून हातात टॉमी गन द्यायची. ती नळीकडून धरायची तर बोटं कापून एम-सीलने नवी घडवायची. जुलैतली इटली म्हणजे चिखल नाही, धूळ. बुटांपासून गुडघ्यांपर्यंत फिकट पिवळसर पावडरचा हात फिरवायचा.

आणि खरा प्रश्न पुढेच आहे. कोणता क्षण गोठवायचा? उगारलेली बंदूक दाखवली की सीन हिट, सिनेमाच्या पोस्टरसारखा. पण त्यांच्या मागे पडलेल्या सोबत्यांना फ्रेमबाहेर ठेवलं, तर ते एकटे का धावले हेच कळणार नाही. समोरचे चौघेही कुणाची तरी मुलं होती, हेही त्या फूटभर जमिनीवर दिसायला हवं. जेमतेम दोन इंचाच्या माणसाचा चेहरा रंगवताना हा विचार टाळता येत नाही. बहुतेक व्हिडिओ गेम्समध्ये तेवढा वेळच मिळत नाही.

सुरुवात करायचीय?

■ पहिलं किट साधं घ्या. १:७२मधलं छोटं विमान किंवा दोन-चार फिगर्सचा सेट. तीनशे भागांचा रणगाडा दुसऱ्या वर्षी.
■ भाग हाताने पिळून तोडू नका. साइड कटर वापरा, राहिलेला खुंट बारीक पॉलिश पेपरने घासा.
■ प्लास्टिक सिमेंट हा साधा गम नाही. तो प्लास्टिक विरघळवून जोडतो. थेंब कमी, खिडकी उघडी!
■ आधी प्रायमर, मग पातळ रंगाचे दोन-तीन हात. जाड एका हाताने चेहऱ्याचे बारकावे बुजतात.
■ रणगाडा जवळून बघायचा असेल तर अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम गाठा.
■ पाया छोटा ठेवा. फूटभर लाकडी फळीवर १:३५मध्ये जवळपास अकरा मीटर जमीन बसते. एका गोष्टीला तेवढी पुरते.

शेवटचं काम, पाटी

डायोरामा पूर्ण झाला की पुढच्या कडेला एक छोटी पाटी लावतात. बरेच जण तिच्यावर रणगाड्याचं मॉडेल आणि साल लिहून मोकळे होतात.

घाडगे यांचं नाव इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. आणि जुलै २०२३मध्ये इटलीतल्या मोंतोने गावात त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं गेलं. त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. ज्या मातीवर ते पडले, तिथल्या लोकांनी एवढं लक्षात ठेवलंय.

तुमच्या फळीवरच्या पाटीला जागा दोन ओळींची. बंदुकीचं मॉडेल नाही लिहिलं तरी चालेल. लिहा: नाईक यशवंत घाडगे, पळसगाव, तालुका माणगाव. १० जुलै १९४४.