जुन्या घरातील चूल आणि न्हाणी

मराठवाड्यातील किंवा सोलापूरकडील एखाद्या जुन्या माळवदाच्या घरात सकाळच्या प्रहरी पाऊल टाकावे. ओसरी स्वच्छ सारवलेली असते. बैठकीच्या खोलीस नवा रंग असतो. गोठ्यातील मूत्र वाहून जावे म्हणून तेथील फरसबंदीस नीट उतारही काढलेला असतो. माजघर ओलांडून स्वयंपाकघराकडे वळले की मात्र डोळे चुरचुरू लागतात. तुळया काजळीने काळ्याकुट्ट झालेल्या, उजेडासाठी माळवदात एकच झरोका, आणि त्याखाली धुरात बसून भाकरी थापणारी घरातील बाई. मागील दारी परसात एक मोठा दगड मांडलेला असतो व त्याच्या तीन बाजूंस तुराट्यांचा कूड असतो. हीच त्या घराची न्हाणी. स्त्रिया उजाडण्यापूर्वीच तेथे आंघोळ उरकून घेतात. कारण उजाडल्यावर तो आडोसा पुरा पडत नाही.

हे चित्र सर्वच घरांचे नाही. परंतु जुन्या घरांत ते अजूनही आढळते. घर दुरुस्त करावयाचे म्हटले की पहिला खर्च दर्शनी भागावर होतो व स्वयंपाकघर आणि न्हाणी यांची पाळी सर्वांच्या शेवटी येते. वास्तविक घरातील स्त्रियांचा दिवसाचा मोठा भाग याच दोन जागी जातो. घर न पाडता, बेताच्या खर्चात, या दोन जागा कशा सुधारता येतील याचा विचार येथे केला आहे.

धूर : डोळ्यांपुरता प्रश्न नव्हे

लाकूड, तुराट्या, पऱ्हाट्या किंवा गोवऱ्या जाळल्या म्हणजे धुराबरोबर अतिसूक्ष्म कण व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू बाहेर पडतो. हे कण फुप्फुसांत खोलवर जातात. जुनाट खोकला, दमा, लहान मुलांचा न्यूमोनिया व हृदयविकार यांच्याशी त्यांचा संबंध सिद्ध झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातील धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली व त्यांत पाच वर्षांखालील सुमारे २ लाख ३७ हजार बालके होती. “आमच्या आजीने जन्मभर चूल फुंकली, तिला काय झाले?” असे म्हणणाऱ्यांनी त्या आजीचा खोकला व तिचे पाणावलेले डोळे एकवार आठवून पाहावेत.

धूर घराबाहेर काढण्याचे प्रयत्न आपल्याकडे जुने आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीत मगनचूल तयार झाली. हैदराबाद येथील एस. पी. राजू यांनी १९५३ साली बिनधुराच्या चुलीवर पुस्तिका प्रसिद्ध केली. १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू होऊन गॅस खेडोपाडी पोहोचला. या साऱ्या अनुभवातून एक धडा मिळतो. ज्या घरात चुलीचे तोंड घरच्या तव्यास व पातेल्यास जुळले नाही, अथवा धुराडे साफ करण्याचे काम कोणाचे हे ठरले नाही, तेथे चांगली चूलही थोड्याच दिवसांत मोडीत निघाली.

म्हणून धुराड्याची चूल बसविताना घरातील नेहमीचा तवा व भांडी समोर ठेवूनच तोंडाचे माप घ्यावे. धुराडे चार इंच व्यासाचे, पत्र्याचे किंवा भाजलेल्या मातीचे असावे व ते छपराच्या वर किमान दोन फूट काढावे. ॲस्बेस्टॉसचा पाइप वापरू नये. त्याचे तंतू फुप्फुसांस घातक आहेत. लाकडी तुळई किंवा फळी धुराड्यास भिडू देऊ नये. महिन्यातून एकदा काठीस चिंध्या बांधून आतील काजळी काढावी. हे काम घरातील पुरुषाने अंगावर घेतल्यास ते चुकत नाही.

खिडकी फोडण्यापूर्वी

धुराड्याच्या जोडीस खिडकी हवीच. स्वयंपाकघरास बाहेर उघडणारी, किमान तीन फूट लांब व साडेतीन फूट उंच अशी खिडकी असावी. तिच्या समोरच्या भिंतीत, छपरालगत, एक जाळीचे भोक ठेवावे. ताजी हवा खिडकीतून येते व तापलेली हवा वरच्या भोकातून निघून जाते.

परंतु जुनी भिंत फोडणे हे जोखमीचे काम आहे. या भिंती बहुधा दगड व चिखल यांच्या असतात. त्यात माळवदाची गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे मातीचे थर चढविलेले असतात व छपराचे ओझे वाढत जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच दगावली, ती प्रामुख्याने अशाच भिंती व अशीच छपरे अंगावर कोसळून. म्हणून पुढील पथ्ये पाळावीत :

(१) तुळई ज्या जागी भिंतीवर टेकलेली असेल तिच्या खाली खिडकी फोडू नये. (२) भिंतीच्या कोपऱ्यापासून किमान दोन फूट अंतर सोडावे. (३) प्रथम तुळयांना खालून टेकू द्यावेत, वरचे लिंटल बसवावे व ते पक्के झाल्यावरच खालचा भाग काढावा. (४) भिंत फुगलेली असेल किंवा तिला उभी भेग असेल तर तीस हात लावण्यापूर्वी जाणकार अभियंत्यास दाखवावी. (५) माळवदावरील जादा माती उतरवून घ्यावी व गळतीचा बंदोबस्त अन्य रीतीने करावा.

मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करण्याची चाल पडली आहे. ती हितावह नाही. सिमेंट ओल बाहेर जाऊ देत नाही. आतली माती भिजून राहते व काही वर्षांत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. अशा भिंतीस चुन्याचा गिलावा व वर चुन्याचीच सफेदी मानवते. सफेदीने खोलीतील उजेडही वाढतो.

ओटा कोणाच्या मापाचा?

गवंडी ओटा बांधतो तो आपल्या सवयीच्या मापाने. त्यावर काम मात्र करावयाचे असते घरातील बाईस. माप घेण्याची रीत सोपी आहे. तिने ताठ उभे राहून कोपर वाकवावे. कोपरापासून जमिनीपर्यंतच्या उंचीतून चार इंच वजा केले म्हणजे ओट्याची उंची निघते. पाच फूट उंचीच्या बाईस ती सुमारे ३२ ते ३३ इंच येते. शेगडीची जागा त्याहून चार ते सहा इंच खाली ठेवल्यास पातेल्यात सहज डोकावता येते व खांदा भरून येत नाही.

उभ्याचा ओटा झाला म्हणून बसण्याची जागा काढून टाकू नये. ज्या सासूने जन्मभर बसून भाकरी थापली तिला उभ्याचा ओटा ही शिक्षा वाटते. एका बाजूस सहा ते नऊ इंच उंचीची बैठी जागा राखली म्हणजे दोघींचीही सोय होते. ओट्यास शहाबादी किंवा कडप्पा फरशी पुरते.

गॅसबाबत काही गोष्टी विसरता कामा नयेत. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरजवळ भिंतीच्या तळाशीही जाळीचे भोक हवे. सिलिंडर नेहमी उभा व जमिनीवर ठेवावा आणि शेगडी त्याहून उंच असावी. पेटती चूल त्याच खोलीत असू नये. पुष्कळ घरांत गॅस आल्यावरही आंघोळीचे पाणी चुलीवरच तापते. ती चूल बाहेर पडवीत, वाऱ्याच्या उलट बाजूस न्यावी.

न्हाणी : चार भिंती आणि एक कडी

न्हाणीस फार जागा लागत नाही. पाच फूट लांब व चार फूट रुंद एवढ्या जागेत बसून आंघोळ करता येते, बादली व घंगाळ मावते आणि कपडे कोरडे ठेवण्यास कोनाडा काढता येतो. भिंती किमान सहा फूट उंच असाव्यात, दारास आतून कडी असावी, छप्पर असावे व हवेसाठी वरच्या बाजूस जाळी असावी. गरोदर व बाळंतीण स्त्रिया तसेच वृद्ध माणसे यांच्यासाठी भिंतीत एक आडवा लोखंडी दांडा बसवावा. गुळगुळीत फरशी टाळावी; खरबरीत शहाबादी किंवा दाते पाडलेला कोबा बरा.

जमिनीस दर चार फुटांस एक इंच उतार द्यावा व पाणी जेथे बाहेर पडते तेथे नहाणी ट्रॅप बसवावा. यातील थोडे पाणी कायम भरलेले राहते व त्यामुळे गटाराची घाण आणि किडे आत येत नाहीत. न्हाणीची भिंत घराच्या मातीच्या भिंतीस लागून असेल तर मध्ये दगड-सिमेंटची स्वतंत्र भिंत उभारावी. नाहीतर ओल पायथ्यात मुरते व मूळ घर खचते.

बंद न्हाणीत बंब पेटविणे किंवा गॅसचा गिझर लावणे प्राणघातक ठरते. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो व वासही नसतो. आंघोळ करणारे माणूस हाक मारण्यापूर्वीच बेशुद्ध पडते. दोन्ही बाहेर ठेवून गरम पाणीच तेवढे आत घ्यावे.

सांडपाण्याची वाट आधी काढावी

२०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये दर माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. पाच माणसांच्या घरात हे २७५ लिटर होते व त्यातील बहुतेक पाणी सांडपाणी म्हणून बाहेर पडते. त्याची सोय न करता न्हाणी बांधली तर दारापुढे डबके होते व त्यात क्युलेक्स जातीचे डास वाढतात. हत्तीरोगाचा प्रसार करणारे डास ते हेच.

मुरमाड जमिनीत शोषखड्डा उत्तम. नांदेड जिल्ह्यातील गावांनी याची मोठी मोहीम करून गटारे व डास हटविल्याचे सर्वश्रुत आहे. चार फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन मध्यभागी भोके पाडलेली सिमेंटची टाकी ठेवावी व सभोवती दगडगोटे भरावेत. पाणी आत सोडण्यापूर्वी जाळीतून गाळून घ्यावे. विहिरीपासून किमान ५० फूट व घराच्या भिंतीपासून १० फूट अंतर राखावे.

काळ्या भारी जमिनीत मात्र हा खड्डा निरुपयोगी ठरतो. ती जमीन फुगते, पाणी मुरू देत नाही व खड्डा तुंबतो. तेथे सांडपाणी परसबागेत घ्यावे. केळी, अळू व कर्दळ यांना ते चालते. परंतु कोथिंबीर, मुळा अशा कच्च्या खाण्याच्या भाजीस ते देऊ नये. साबणाचे पाणी एकाच वाफ्यात सतत सोडल्याने जमीन बिघडते. म्हणून आळीपाळीने वाफे बदलावेत.

कामाचा क्रम

रब्बीची सुगी आटोपल्यावर, चैत्र-वैशाखात हे काम हाती घ्यावे व मृगापूर्वी पुरे करावे. पैसा एकदम जमणार नसेल तर क्रम असा ठेवावा : पहिल्या वर्षी सांडपाण्याची वाट व न्हाणी, दुसऱ्या वर्षी धुराडे व खिडकी, तिसऱ्या वर्षी ओटा व फरशी. रंगरंगोटी सर्वांच्या शेवटी. काम चालू असताना पडवीत तात्पुरती चूल मांडावी.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी एक गोष्ट कटाक्षाने सांभाळावी. घर सुधारण्याची बोलणी नेहमी ओसरीवर, घरच्या कर्त्या पुरुषाशी होतात. चूल कोठे असावी, पाणी कोठून आणावे लागते, न्हाणीचे दार कोणीकडे उघडावे हे ठाऊक असते ते आत काम करणाऱ्या बाईस. तिला विचारल्यावाचून एकही माप कागदावर घालू नये. सोबत महिला बचत गटातील एखादी जाणती बाई घेतली म्हणजे बोलणे मोकळेपणी होते.

एका गावात असे एकच घर नमुन्यादाखल तयार झाले तरी पुष्कळ काम होते. आलेली पाहुणी स्वयंपाकघरात डोळे न चोळता बसेल व न्हाणीची कडी लावून दिवसाउजेडी निवांतपणे आंघोळ करील, आणि आपल्या घरी गेल्यावर तीच आपल्या माणसांपाशी हा विषय काढील.